समुद्र चार वेळा मोजलात

पत्र

नवऱ्याला बढती मिळतेय, पण ती समुद्रकाठच्या एका मोठ्या शहरात. आम्ही आजवर समुद्रापासून लांब, कोरड्या हवेत राहिलो. इथे स्वतःचं घर आहे. मी घरीच चित्रकलेचे वर्ग घेते, बारा वर्षांत चांगला जम बसलाय. मुलगी चौदा वर्षांची. सासरे पंचाहत्तरीला आलेत, त्यांना जुना दमा आहे. नवऱ्याला लहानपणापासून समुद्राचं वेड. तो म्हणतो, इथलं घर विकू आणि तिथे खिडकीतून पाणी दिसेल असा फ्लॅट घेऊ.

मी कागदावर दोन रकाने केले. फायदे: पगार, समुद्राचं दर्शन, किनाऱ्यावर फिरणं, मोकळी हवा, सूर्यास्त, मुलीला पुढच्या शिक्षणाच्या संधी. तोटे: घाम, महाग घरं, पावसात पाणी तुंबतं म्हणतात ते, सासऱ्यांचा दमा, मुलीची शाळा बदलणं, ओळखीचं कोणी नसणं. सहा आणि सहा. महिनाअखेरीला होकार-नकार कळवायचाय. पारडं कुठे झुकतं ते तुम्हीच सांगा.

— दोन रकाने भरून थकलेली

उत्तर

रकाने सहा-सहाचे आहेत म्हणून सारखे वाटतात. पण फायद्यांच्या बाजूला दर्शन, फिरणं, मोकळी हवा आणि सूर्यास्त हे चार मुद्दे बघा. ती एकच गोष्ट आहे, तुम्ही ती चार वेळा मोजलीत. तोट्यांतले सहाच्या सहा मात्र वेगवेगळे आहेत. दुसरं म्हणजे, तुमचे चित्रकलेचे वर्ग दोन्ही रकान्यांत कुठेच नाहीत. पत्राच्या सुरुवातीला ते होते, कागदावर येईस्तोवर गळाले. सासरे आहेत, पण दम्यापुरते. जायचं की नाही याबद्दल त्यांचं स्वतःचं म्हणणं काय, याची एक ओळही पत्रात नाही.

तेव्हा आधी एक काम करा. तुम्ही आणि नवरा, दोघांनी वेगवेगळं बसून एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: हीच बढती, हाच पगार, पण शहर समुद्रापासून शंभर कोस लांब असतं, तर आपण गेलो असतो का? दोघांचंही उत्तर 'हो' असेल, तर तुम्ही नोकरीसाठी जाताय आणि समुद्र वरकड मिळतोय. मग बाकीचे प्रश्न घर कुठे घ्यायचं, कसं घ्यायचं एवढ्यावर येतात. उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही समुद्रासाठी जाताय, आणि मग समुद्राची चौकशी स्थळाची करावी तशी कसून करायला हवी. एकाचं 'हो' आणि एकाचं 'नाही' आलं, तर खरा वाद शहराचा नाही हे निदान घरातल्या घरात कळेल.

नवऱ्याच्या वेडाला मी हसत नाही. पण वेडाची एक गंमत आहे. १९९८ साली डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही विद्यार्थी कॅलिफोर्नियातले होते, काही कडाक्याच्या थंडीच्या मध्य-पश्चिम भागातले. कॅलिफोर्नियातली माणसं जास्त सुखी असणार, असं दोन्हीकडच्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात आपापल्या आयुष्याबद्दलचं समाधान दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं. लांबून शहराकडे बघताना हवापाणी डोळ्यांत भरतं. तिथे राहायला लागलं की दिवस कामात, येण्याजाण्यात, मुलांच्या अभ्यासात आणि पैशांच्या हिशेबात जातो, आणि हवापाण्याचे नव्याचे नऊ दिवस संपतात. हे नवऱ्याला जरूर वाचून दाखवा, फक्त टोमणा म्हणून नको.

आता समुद्राच्या बाजूनेही बोलते, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. इंग्लंडमधल्या जनगणनेच्या आकड्यांवरून २०१२ साली एक अभ्यास झाला. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांपैकी जास्त लोकांनी आपली तब्येत चांगली असल्याचं सांगितलं होतं, आणि हा फरक गरीब वस्त्यांमध्ये जास्त दिसला. फरक मोठा नव्हता, पण होता. चालायला मोकळी जागा मिळाली की माणसं चालतात, आणि पाण्याकडे बघून मन निवतं, असा त्याचा ढोबळ अर्थ लावतात. पण त्याच इंग्लंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, ख्रिस व्हिटी यांनी, २०२१ सालचा आपला वार्षिक अहवाल किनाऱ्यावरच्या गावांच्या आरोग्यावरच लिहिला, आणि त्यात चित्र अगदी उलटं आहे: आजारांचं ओझं जास्त, डॉक्टर-नर्स कमी, रोजगार हंगामी, घरं जुनाट. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पाणी माणसाचं भलं करत असेलही, पण चांगलं इस्पितळ आणि बारमाही काम नसेल तर नुसतं पाणी पुरत नाही. तुम्ही मोठ्या शहरात जाताय, त्यामुळे इस्पितळाची अडचण बहुधा येणार नाही. तरी घरापासून ते किती मिनिटांवर आहे आणि पावसात तिथपर्यंतचा रस्ता चालू असतो का, एवढं विचारून ठेवा. दम्याचा माणूस घरात असताना खिडकीतून पाणी दिसणं याच्यानंतर येतं.

हवेचा फायदा खरा आहे. पाणी तापायला फार उष्णता घेतं, किलोला किलो धरला तर कोरड्या वाळूच्या सुमारे पाचपट. म्हणून समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो आणि काठावरच्या शहराला आपल्याबरोबर सावकाश चालायला लावतो. दुपारी खारे वारे, रात्री मतलई वारे, हे शाळेत पाठ केलेलं तिथे अंगाला लागतं. हाडं गोठवणारी थंडी नाही, भाजून काढणारी दुपार नाही. थंडीत ज्यांचा दमा उसळतो, त्यांना याचा आराम पडू शकतो.

पण तुमच्या यादीतला 'घाम' हा शब्द फार छोटा आहे, त्याच्यापाशी जरा थांबते. कोरड्या गावात ३८ अंश तापमान आणि हवेत २० टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक जेमतेम २१ अंश दाखवतो. म्हणजे घामाचं पाणी झरझर उडतं आणि अंग थंड होतं. समुद्रकाठी तापमान ३२ अंशच असतं, पण आर्द्रता ८० टक्के असली की तोच ओला तापमापक २९ दाखवतो. बातम्यांत शहर सहा अंशांनी थंड दिसतं, आणि अंगाला मात्र उलटा अनुभव येतो, कारण घाम येतो पण जात नाही. हा ओला आकडा ३५ वर गेला तर निरोगी माणूससुद्धा सावलीत बसून तग धरू शकत नाही, असं शास्त्र मानतं. तरुण, धडधाकट लोकांवरच्या प्रयोगांत शरीराने त्याच्याही आधी, ३१ च्या आसपासच हात टेकल्याचं दिसलंय. म्हणून त्या शहराचं हवामान बघताना कमाल तापमान बघू नका. वर्षातल्या सगळ्यात वाईट महिन्यातली आर्द्रता आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा, बघा. दवबिंदू २४ च्या पुढे असेल तर पंख्याखालीही चिकचिक होते, आणि असे महिने किती, यावर तुमचं विजेचं बिल ठरतं.

सासऱ्यांच्या बाबतीत 'समुद्राची हवा दम्याला चांगली' किंवा 'वाईट' असं जो कोणी ठामपणे सांगेल, त्याच्याकडे फारसं लक्ष देऊ नका. कोरड्या धुळीने ज्यांचा दमा उठतो, त्यांना किनाऱ्यावर बरं वाटू शकतं. पण गरम दमट हवेत काहींचा श्वास जड होतो, आणि घराच्या आतली गोष्ट आणखी वेगळी. गाद्या-उशांमधले धुळीचे बारीक किडे दमट हवेत फोफावतात, आणि कपाटामागच्या, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर बुरशी धरते. या दोन्ही दम्याच्या जुन्या वैरी आहेत. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर बराच फरक पडतो. त्यासाठी घरात वारा आरपार जायला हवा, भिंतींना ओल नको, आणि पावसाळ्यात दमटपणा शोषणारं यंत्र किंवा एसी चालवायची तयारी हवी. सासऱ्यांच्या डॉक्टरांना थेट विचारा की यांचा दमा नेमका कशाने उठतो. आणि शक्य असेल तर निर्णयाआधी त्यांना तिथे घेऊन जा. सहलीच्या दिवसांत नको, चिकचिकीच्या दिवसांत. पंधरा दिवस राहिलात की त्यांची छातीच सांगेल.

आता ज्याबद्दल तुमच्या यादीत अवाक्षर नाही, त्या मिठाबद्दल. लाटा फुटतात तेव्हा खारे तुषार हवेत जातात आणि वाऱ्याबरोबर शहरात येतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून विरघळतं. म्हणजे लोखंडावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर सतत बसलेला. पाऊस नको, गळती नको, गंज आपोआप चढतो. शिवणाची कात्री, दाराचे बिजागर, सायकलची साखळी, फ्रिजची मागची जाळी, सगळ्यांचं आयुष्य घटतं. यात दिलाशाची गोष्ट एकच, पाण्यापासून लांब जाल तसं मीठ भराभर कमी होतं. पहिल्या काही शे मीटरमध्येच मोठा फरक पडतो. म्हणजे खिडकीतून पाणी दिसणारं घर हे सगळ्यात जास्त मीठ खाणारं घर, आणि बहुतेक वेळा सगळ्यात महागही. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटर आत राहून संध्याकाळी किनाऱ्यावर चालत किंवा बसने जाणारी माणसं त्या शहरात सगळ्यात शहाणी, असं माझं स्पष्ट मत आहे.

घर बघायला जाल तेव्हा दलाल तुम्हाला थेट गॅलरीत नेऊन उभा करील आणि समोर हात करील. समोर बघू नका, मान वर करा. वरच्या मजल्याच्या गॅलरीचा खालचा भाग बघा. तिथे तपकिरी रेघा उतरल्या असतील, गिलावा फुगला असेल, कोपऱ्यात गज उघडा पडला असेल, तर मिठाने काँक्रीटमध्ये घर केलंय. काँक्रीटच्या आत पोलाद एरवी सुरक्षित असतं. पण मिठातलं क्लोराइड आतपर्यंत पोचलं की पोलादावरचा संरक्षक पापुद्रा तुटतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून आतूनच काँक्रीट फोडून बाहेर येतो. बोटांच्या पेरांनी ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर थर सुटलाय. मग खिडकीचे स्क्रू बघा, एसीच्या बाहेरच्या डब्याच्या पातळ पट्ट्या बोट लावल्यावर चुरतात का बघा. खाली आलात की विजेचे मीटर जमिनीपासून किती उंचावर बसवलेत बघा. मीटर छातीच्या वर सरकवलेले दिसले, तर त्या इमारतीने पाणी पाहिलंय. तळमजल्यावरच्या भिंतींना कमरेपर्यंत वेगळ्या रंगाचा पट्टा असेल, तर तोही तेच सांगतो. आणि चौकशी दलालाकडे करू नका, तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाकडे करा.

मी उगाच घाबरवत नाही. फ्लोरिडातल्या सर्फसाइड गावी २४ जून २०२१ च्या पहाटे समुद्रकाठची एक बारा मजली निवासी इमारत कोसळली, ९८ माणसं गेली. ती १९८१ साली बांधलेली. २०१८ मध्येच अभियंत्याने अहवालात लिहिलं होतं की पोहण्याच्या तलावाच्या भागात पाणी अडवणारा थर निकामी झालाय आणि खालच्या काँक्रीटची मोठी हानी होतेय. दुरुस्तीचा खर्च कोणी किती द्यायचा, यावर रहिवाशांची काथ्याकूट बराच काळ चालली होती. कोसळण्यामागे इतरही कारणं होती, पण किनाऱ्यावर घर विकत घेणाऱ्याने यातून एवढं घ्यावं की इमारतीची डागडुजी कोण करतं, शिल्लक निधी किती आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे कागद बघितल्याशिवाय पुढचं बोलू नये.

पाणी तुंबतं 'म्हणतात' असं तुम्ही लिहिलंय. म्हणण्यावर जाऊ नका, हे तपासता येतं. भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणून रोज पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती, अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे कमी चढणारी. शहराची गटारं समुद्रात सुटतात. भरतीचं पाणी त्यांच्या तोंडाच्या वर चढलं की आतलं पाणी बाहेर पडत नाही. त्याच तासाला मुसळधार पाऊस असला तर ते रस्त्यावर येतं, ओहोटी लागली की उतरतं. म्हणजे धोका पावसाच्या आकड्यात जेवढा, तेवढाच तो पाऊस कोणत्या वेळेला पडला यातही. भरतीची वेळापत्रकं आधीच छापलेली मिळतात. पावसाळ्यातला उधाणाचा एक दिवस निवडा आणि भरतीच्या वेळी त्या गल्लीत स्वतः उभ्या राहा. वादळात हेच गणित मोठं होतं: २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ न्यूयॉर्कवर आलं ते पौर्णिमेच्या भरतीच्या सुमारालाच, आणि भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत समुद्र शिरला.

म्हणून नकाशावर किनाऱ्यापासूनचं अंतर जेवढं बघाल, त्याहून जास्त उंची बघा. समुद्रसपाटीपासून दहा मीटरच्या आतल्या किनारपट्टीवर जगातली दर दहातली एक व्यक्ती राहते, त्यामुळे तुम्ही काही जगावेगळं करत नाही. पण एकाच शहरात दोन गल्ल्यांच्या उंचीत चार मीटरचा फरक असू शकतो. भराव टाकून केलेली, जुनी खाजणं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दलदली, बुजवून वसवलेली वस्ती असेल तर तिथे जास्त सावध राहा.

समुद्राची पातळी वाढतेय, त्याचं काय? १९०१ ते २०१८ या काळात ती सरासरी २० सेंटिमीटर वाढली. २००६ ते २०१८ मध्ये वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरवर गेला. काही शहरांत त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जमीनच खाली जाते, कारण भूगर्भातलं पाणी उपसलं जातं. जकार्ताच्या उत्तरेकडच्या वस्त्या अशाच खचल्या. टोकियोचा काही भाग चार मीटरहून जास्त खचला होता, उपशावर निर्बंध आणल्यावर तो थांबला. आता हे सगळं तुम्हाला किती लागू? भाड्याने राहणार असाल तर जवळजवळ नाही. पाच वर्षांत समुद्र दोन सेंटिमीटर वर आला म्हणून भाडेकरूची झोप उडत नाही, फार तर तो घर बदलतो. वीस-पंचवीस वर्षांचं कर्ज काढून घेणाऱ्याला मात्र हे पुरतं लागू आहे, कारण कर्ज फिटेल तेव्हा ते घर त्याला कोणाला तरी विकता आलं पाहिजे. घराच्या विम्यात पुराचं आणि वादळाचं पाणी धरलंय की वगळलंय, तेही वाचा. विमा कंपनी एखाद्या वस्तीला विमा द्यायला कचरत असेल, तर ती वस्ती कशी आहे ते तिने तुम्हाला फुकटात सांगितलं.

पिण्याच्या पाण्याचं थोडक्यात. समोर अथांग पाणी आणि नळाला टिपूस नाही, ही किनाऱ्यावरच्या शहरांची जुनी व्यथा आहे. २०१८ मध्ये केपटाऊनवर नळ बंद करायची तारीख जाहीर करायची वेळ आली होती. बोअरवेलवर चालणारी सोसायटी असेल तर पाणी चाखून बघा. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याची पातळी एक मीटर खाली गेली, तर खालचं खारं पाणी ठोकताळ्याने चाळीस मीटरपर्यंत वर येऊ शकतं, आणि एकदा खारावलेली विहीर लवकर गोडी होत नाही.

येण्याजाण्याचंही बघा. मैदानातलं शहर चारी दिशांना पसरतं. समुद्रकाठचं शहर एका बाजूला पसरूच शकत नाही, म्हणून जमीन महाग आणि रस्ते एकाच दिशेने कोंबलेले. नवऱ्याचं ऑफिस पाण्याजवळच्या जुन्या भागात आणि परवडणारं घर आत, अशी जोडी जमली तर बढतीचा बराचसा आनंद रस्त्यात सांडतो. घर ऑफिसवरून ठरवा. समुद्रापर्यंत आठवड्यातून एकदा गेलात तरी चालतं, ऑफिसला रोज जावं लागतं.

आता रकान्यात न आलेल्या माणसाकडे येते. तुमच्या वर्गांचा जम पेटीत भरून नेता येत नाही. विद्यार्थी तुमच्याकडे येतात ते एका आईने दुसऱ्या आईला सांगितलं म्हणून, आणि ते सांगणं नव्या गावात पहिल्यापासून सुरू होणार. तुमचं उत्पन्न दोनेक वर्षं घटेल हे धरूनच पगारवाढीचा हिशेब मांडा. घटलेलं उत्पन्न, वाढलेलं भाडं आणि विजेचं बिल वजा केल्यावर बढतीत काय उरतं? तो आकडा कागदावर घाला, मग पगार 'फायदा' म्हणून किती मोठा राहतो ते दिसेल. काही जुने विद्यार्थी ऑनलाइन टिकवता येतील का, हे आत्ताच त्यांना विचारा. आणि सामानाची एक सूचना, कारण मी ही हळहळ फार ऐकलीय. दमट हवेत जलरंग वाळायला वेळ घेतात, कागद फुगून लाटा धरतो, आणि जुन्या चित्रांवर बुरशीचे तपकिरी ठिपके उठतात. चांगली चित्रं हवाबंद पेटीत दमटपणा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून न्या, आणि भिंतीला टेकवून ठेवू नका.

मुलीचं वय अडचणीचं आहे, ते लपवत नाही. चौदाव्या वर्षी मैत्रिणी म्हणजे सगळं जग. तरी ज्याचा परिणाम तिच्यावर होणार, त्याची बातमी तिला ठरून झाल्यावर देऊ नका, आत्ताच सांगा. शाळेचं वर्ष संपल्यावर जायचं की मध्येच, हे तिला ठरवू द्या. नवरा काही महिने पुढे जाऊन राहिला तरी आभाळ कोसळत नाही, आणि समुद्राच्या वेडाची परीक्षाही होऊन जाते: दमट खोलीत एकट्याने कपडे वाळवत बसल्यावर ते किती टिकतं ते त्याचं त्यालाच कळेल. सासऱ्यांनाही असंच समोर बसून विचारा. पंचाहत्तरीला माणूस 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणतो. त्यावर थांबू नका, पुन्हा विचारा. त्यांचा रोजचा कट्टा, ओळखीचा डॉक्टर, पाठ असलेला रस्ता, हे सगळं त्यांना पुन्हा उभं करायचंय आणि त्यांच्या हाताशी वेळ कमी आहे.

माझं म्हणणं विचाराल तर: 'समुद्र नसता तरी गेलो असतो का' या सुरुवातीच्या प्रश्नाला दोघांचं 'हो' आलं आणि डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर जा. पण घर विकू नका. इथलं भाड्याने द्या, तिथे समुद्रापासून थोडं आत, उंचावर, ऑफिसच्या वाटेवर भाड्याने घ्या, आणि एक पूर्ण वर्ष, म्हणजे तिथला सगळ्यात वाईट महिना धरून, काढल्याशिवाय फ्लॅटचं नाव काढू नका. कोरड्या हवेतलं हातचं घर देऊन गॅलरीत उभं राहून घेतलेल्या निर्णयाच्या मागे धावण्यात मला शहाणपण दिसत नाही. उत्तर 'नाही' आलं, तर बढती सोडा आणि दरवर्षी सुट्टीत पंधरा दिवस किनाऱ्यावर जाऊन राहा. त्यात कमीपणा काही नाही. सूर्यास्त तोच, गंज दुसऱ्याच्या बिजागराला.

आणि महिनाअखेरीला उत्तर द्यायचंय ते फक्त हो किंवा नाही असं देऊ नका, अटी घालून द्या. सामान हलवण्याचा खर्च कोण करणार, पहिले काही महिने राहण्याची सोय काय, निर्णयाआधी एक भेट कंपनीच्या खर्चाने होईल का, मुलीचं वर्ष संपेपर्यंत नवऱ्याला ये-जा करता येईल का, आणि वर्षभरात नाही जमलं तर जुन्या ठिकाणी परत घेतील का. यातलं जे मान्य होईल ते लेखी घ्या, कारण तोंडी शब्द देणारा साहेब वर्षभरात स्वतःच बदली होऊन गेलेला असतो.